तीन भावांच्या वाटणीतली सायकल

संपादकांनी "सायकलीवर काहीतरी लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा मी कळवलं की सायकलीपायी मी आयुष्यभर हात काळे केले, आता कागद काळे करायला लावू नका. तर ते स्वतःच घरी आले. आले तेही सायकलवरून, आणि त्यांच्या पुढच्या चाकाला आऊट, म्हणजे वाकडेपणा, इतका होता की चाक दर फेऱ्याला चिमट्याला घासत होतं. मला ते बघवेना. मी तिथेच ते चाक काढून घेतलं आणि दोन दिवसांनी न्यायला सांगितलं. ते म्हणाले, चाक नेईन तेव्हा लेखही नेईन. अशी अडवणूक आमच्या धंद्यात मीही पुष्कळ केली आहे, त्यामुळे तक्रार करता येईना.

माझं दुकान चिंचपोकळीला, पुलाच्या पायथ्याशी होतं. दुकान कसलं, तीन फळ्यांचं कपाट. उघडलं की हत्यारं आत आणि मी बाहेर. भाड्याच्या सायकली फुटपाथवर साखळीला बांधलेल्या. गिरणीतले फिटर, दूधवाले, पोस्टमन ही रोजची गिऱ्हाइकं, आणि अधूनमधून गिरगाव-दादरकडचे कचेरीवाले. कचेरीवाला आला की मी मनातून घाबरायचो, कारण फिटरला सायकल हवी असते आणि कचेरीवाल्याला खुलासा.

एक मास्तर दादरहून पुन्हा पुन्हा यायचे. सायकल कुरकुरते म्हणायचे. मी छर्रे बदलले, वाट्या बदलल्या, सीटखालच्या स्प्रिंगांना तेल दिलं, कुरकुर चालूच. शेवटी मी कॅरियरवर बसून त्यांच्याबरोबर लालबागपर्यंत गेलो. कुरकुर त्यांच्या गुडघ्यातून येत होती. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "मग तेल कुठे घालायचं ते सांगा." दुसरा एकजण सकाळी माझी हिरवी सायकल भाड्यानं घेऊन गेला आणि संध्याकाळी करी रोडच्या कुणाची तरी काळी घेऊन परत आला. ही माझी नव्हे म्हटलं तर म्हणाला, "सकाळपासून उन्हात आहे, रंग उतरला असेल." अशा लोकांत राहून मी शांत स्वभावाचा राहिलो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्या बायकोला विचारावं.

पण सांगायची आहे ती प्रधानांच्या सायकलीची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा जमावबंदी. ट्रामा बंद पडल्या की माझ्या भाड्याच्या सायकली सकाळीच संपायच्या, आणि दगडफेक झाली की संध्याकाळी त्यांच्या तारा माझ्याचकडे दुरुस्तीला यायच्या. चळवळीनं माझं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही.

अशाच एका सकाळी पाचवारी नेसलेली एक तरुण बाई पोतं घेऊन दुकानात आली. पोतं हमालाच्या डोक्यावर, आणि एक फ्रेम तिच्या स्वतःच्या खांद्यावर. फ्रेम बघताच मी ओळखली. गिरगावचे प्रधानसाहेब रविवारी पहाटे शीवपर्यंत दौडवायचे ती विलायती शर्यतीची सायकल. तिची पंक्चरं माझे वडील काढायचे. प्रधानसाहेब वारल्याचं मी ऐकलं होतं. ही त्यांची मुलगी, कुसुमताई.

पोत्यातून चाकं निघाली, हँडल निघालं, सीट, पायडल, चेन निघाली. माझ्या बाकड्यावर घाडी बसला होता. घाडी म्हणजे माझा गाववाला, गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला, पाळी नसली की माझ्याकडे पेपर वाचायला येणारा. तो म्हणाला, "मिस्त्र्या, ह्यो अपघात की चोरी?"

"वाटणी," कुसुमताई म्हणाल्या.

प्रकार असा होता. प्रधानांची वसईकडची जमीन कूळकायद्यात कुळांकडे गेली. वडील गेल्यावर वाटायला उरलं काय, तर थोडी भांडी, एक घड्याळ आणि ही सायकल. भाऊ तिघे. सायकल विकून पैसे वाटावे तर वडिलांची वस्तू विकली असं वाडीत झालं असतं. एकाला द्यावी तर दोघांवर अन्याय. मग त्यांच्या वकील मामांनी तोडगा काढला. थोरल्याला, म्हणजे दादांना, फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा. मधल्या नानांना दोन्ही चाकं. धाकट्या बापूंना हँडल, सीट, पायडल, चेन. मामा म्हणाले, कुणालाही कमी नाही, कुणालाही जास्त नाही. तिघांनी आपापला हिस्सा आपापल्या पलंगाखाली ठेवला. गंमत म्हणजे तिघांपैकी एकालाही सायकल येत नव्हती. वडिलांनी शिकवायला घेतलं तेव्हा तिघेही एकेकदा पडले आणि पुन्हा बसले नाहीत. शिकली ती एकटी कुसुम. पण मुलीला वाटणीत काय यायचं? तिच्या लग्नाचा खर्च, तोही लग्न झालं तर.

घाडीनं पेपर खाली ठेवला. "म्हशीचा दूद एकाक आणि शिंगा दुसऱ्याक," तो म्हणाला.

कुसुमताईंची अडचण निराळी होती. सुईणीचा आणि नर्सचा अभ्यास पुरा करून त्या घरी बसल्या होत्या. परळच्या एका प्रसूतिगृहात घरोघर जाऊन बाळंतिणींना बघायचं काम त्यांना मिळत होतं. तिथल्या मेट्रनबाईंची एक अट होती, नर्सची स्वतःची सायकल हवी. मागून आणलेली चालणार नाही. आधीच्या नर्सचा नवरा भरदुपारी येऊन सायकल घेऊन गेला होता आणि ती बाई बाळंतिणीकडे चालत पोहोचेपर्यंत बाळ रडून दमून झोपलं होतं. येत्या सोमवारी सायकलीसह हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आणि ही जागा गेली तर दादांनी अलिबागचा एक बिजवर बघून ठेवलाच होता. त्याच्याविषयी कुसुमताई एवढंच म्हणाल्या, "त्यांना दमा आहे आणि मला त्याचा अभ्यास आहे, असं दादा म्हणतो."

नवी सायकल घ्या म्हटलं, तर ते त्यांना झेपणारं नव्हतं. मग त्यांनी भावांना सांगितलं की तुमचे हिस्से गंजताहेत, मी माझ्या शिकवणीच्या पैशांनी दुरुस्त करून आणते. फुकटची दुरुस्ती म्हटल्यावर तिघांनीही आपापला हिस्सा काढून दिला. नोकरीचं त्या बोलल्या नव्हत्या.

आता थोडं धंद्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. शर्यतीच्या जुन्या सायकलीला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतं, पाय थांबवायची सोय नाही. पुलाच्या उतारावर, अंगावर नऊवारी आणि पाठीला औषधांची पिशवी असताना हे नको. ब्रेक एकच, तोही दयेवर चालणारा. चाकांच्या रिमा गंजून पापड झालेल्या. सीट कातड्याची होती, तिला उंदरांनी वाटणी केली होती. फ्रेम मात्र अस्सल. पोलादाच्या नळ्या, सांध्यांना पितळ पाजलेलं. टिचकी मारली की तांब्यासारखा नाद यायचा. मी ठरवलं, फ्रेम आणि चिमटा जुना, बाकी सगळं नवं; माल घाऊक भावात आणि माझी मजुरी पगार झाल्यावर, म्हणजे ताईंना झेपेल. तीन गिअरचा हब, नव्या रिमा, दोन्ही बाजूंनी रिमेला धरणारे ब्रेक, रुंद सीट, दिव्याला डायनमो.

गिअरचा हब जुन्या हबपेक्षा रुंद असतो. तो बसावा म्हणून फ्रेमच्या मागच्या दोन बाह्या फाकवाव्या लागतात. हे काम तापवून करायचं नसतं, पोलाद मऊ पडतं. फळी घालून, थंडपणे, थोडं थोडं रेटायचं. मग हँडलच्या नळीपासून दोन्ही बाह्यांपर्यंत सुतळी ताणायची आणि मधल्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडे सारखं येतं का ते बघायचं. एक बाही जास्त गेली तर सायकल जन्मभर एका अंगाला ओढते. या कामाला मी तीन दुपारी घातल्या, आणि त्यात घाडीला एक शब्द बोलू दिला नाही. असं काम मला नंतर फार थोड्या वेळा मिळालं. पुढं पुढं लोक फ्रेम वाकली की फेकायलाच लागले.

नऊवारीचंही सांगतो. शर्यतीच्या सायकलीला मधे आडवा दांडा. पाचवारीत पाय पलीकडे टाकता येत नाही. कुसुमताई आपण होऊन काष्ट्याची नऊवारी नेसून आल्या आणि टांग टाकून दाखवली. लालबागच्या कोळणी उभ्या राहून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आमी जल्मभर हेच नेसतो, पन ह्यो उपेग कुनी सांगितला नव्हता."

सायकल तयार होत असताना तिघे भाऊ कचेरी सुटल्यावर आळीपाळीनं आपला हिस्सा बघायला येऊ लागले. नाना नव्या चाकांचे टायर अंगठ्यानं दाबायचे आणि घाडीला सांगायचे, "बघा, वडिलांच्या वेळचा माल. आता असली चाकं होत नाहीत." बापू नवं हँडल पंचानं पुसायचे आणि म्हणायचे, "हे विलायतेहून बोटीनं आलं होतं." ते परवा लोहार चाळीच्या बाजारातून आलं होतं. मी एकदा सांगायला तोंड उघडलं, पण कुसुमताईंनी नको म्हणून मान हलवली. जुने हिस्से मी नीट पोत्यात बांधून फळीवर ठेवले होते. माणसाचा माल माणसाला द्यायचा, हा आमचा नेम.

दादांचं काम वेगळं. दादा म्हणजे वाडीतले वक्ते. मुंबई महाराष्ट्राची, हा विषय मिळाला की सत्यनारायणाच्या पूजेतही उभे राहायचे. द्वैभाषिकावर, म्हणजे मराठी-गुजराती मिळून केलेल्या राज्यावर, त्यांचा असा राग की दुकानात गुजराती फरसाण दिसलं तरी दोन वाक्यं बोलायचे आणि मग घ्यायचे. "तुरुंगात जायची माझी तयारी आहे, मिस्त्री," ते मला म्हणायचे. "फक्त पेन्शनचं काय ते एकदा बघून घेतो." फ्रेमवर हात ठेवून ते एवढंच म्हणायचे, "ही माझी. बाकीचं त्यांचं."

शनिवारी दुपारी सायकल तयार झाली. कुसुमताई न्यायला आल्या आणि पाठोपाठ तिघे भाऊ. कुणीतरी दादांना नोकरीचं सांगितलं होतं.

"प्रधानांच्या घरातली मुलगी गिरणगावात सायकलवरून दारोदार फिरणार?" दादा म्हणाले. "मिस्त्री, आमचे हिस्से सोडवा. फ्रेम माझी आहे. ती मी घरी नेतो."

मला राग आला. तीन दुपारींचं काम सोडवा म्हणतो. पण फ्रेम त्यांचीच होती, नाही कसं म्हणणार? मी फळीवरचं पोतं काढलं आणि नानांच्या पायाशी रिकामं केलं.

नाना खाली बघत राहिले. "हे काय?"

"तुमची चाकं."

"मग ही कुणाची?"

"ताईंची. त्यांनी विकत घेतलीत. हँडल, सीट, चेन, ब्रेक, सगळं त्यांचं. फ्रेम आणि चिमटा तेवढा दादांचा."

बापूंनी हँडल पुसायला काढलेला पंचा हळूच खिशात घातला. दादा मात्र डगमगले नाहीत. "मग फ्रेम सोडवा," ते म्हणाले. "तिनं आपली चाकं घेऊन जावं."

मी पाना हातात घेतला आणि उगाच फडक्यानं पुसत बसलो. तेवढ्यात कुसुमताई फुटपाथवर मांडी घालून बसल्या. फ्रेमच्या त्रिकोणातून हात घालून सायकल छातीशी धरली आणि म्हणाल्या, "मी उठणार नाही."

"कुसुम, ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत."

नेमका गिरणीचा भोंगा झाला आणि पाळी सुटली. रस्ता माणसांनी भरला. फुटपाथवर एक बाई सायकल कवटाळून बसलेली, तिच्या डोक्याशी कोटटोपीवाले तिघे उभे. चळवळीच्या दिवसांत एवढं पुरे होतं. "काय झाला?" कुणीतरी विचारलं. घाडी बाकड्यावर चढला. "तीन भाव मिळान बहिणीची सायकल फोडतत," तो म्हणाला. मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही, पण काहीतरी फोडताहेत एवढं गेलं, आणि घोषणा सुरू झाली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." सगळा रस्ता म्हणाला, "झालाच पाहिजे."

आणि दादांचा हात वर गेला. सवयीनं गेला, त्यांचा दोष नाही. वाडीत त्यांना फार तर चाळीसएक माणसं ऐकायला मिळत, इथे पुलापर्यंत डोकी होती. ते माझ्या हत्यारांच्या खोक्यावर चढले आणि बोलू लागले. एका आईची लेकरं तोडणं हे पाप आहे. जे एक आहे ते वाटता येत नाही. तुकडे करणाऱ्यांना इतिहास क्षमा करणार नाही. बोलले मात्र छान, हे कबूल केलं पाहिजे. टाळ्या पडत होत्या. एक हात हवेत आणि दुसरा फ्रेमवर, कारण ती सोडली तर बहीण घेऊन जाईल ही भीती.

पुढे उभा असलेला एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, शांतपणे ऐकत होता. त्यानं विचारलं, "ओ दादानु, सगळा खरा. मगे सायकल कित्या फोडतास?"

दादा खोक्यावरून जरा वाकले. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. काय उत्तर देणार होते कोण जाणे, कारण तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जमावबंदी होतीच. गर्दी गल्ल्यांतून विरघळली, घाडी माझ्या फळ्यांमागे गेला, आणि फुटपाथवर उरलो आम्ही पाचजण आणि सायकल.

फौजदार मराठीच होता, थकलेला, डोळ्यांखाली काळं आलेलं. "जमाव कशावरून जमला?"

मी म्हटलं, "सायकलीवरून."

"सायकल कुणाची? ज्याची असेल त्याला गाडीत घेतो. जमाव त्याच्यामुळे जमला."

नाना लगेच म्हणाले, "साहेब, माझी चाकं ती खाली पडलीत ती. गंजलेली. या सायकलीशी माझा संबंध नाही." आणि जी चाकं बघून त्यांचा चेहरा पडला होता ती दोन्ही त्यांनी काखेत मारली. बापूंनी जुनं हँडल छातीशी धरलं. "माझं हे. एवढंच," ते म्हणाले.

फौजदार खोक्यावरच्या दादांकडे वळला. "तुम्ही? तुमचा हात आहे सायकलीवर."

तुरुंगाची तयारी असलेल्या माणसाला तुरुंग असा चालत आला होता. दादा खोक्यावरून उतरले. मला वाटलं, आता हा माणूस 'माझी' म्हणेल आणि आपल्या भाषणाला जागेल. त्यांनी फ्रेमवरचा हात काढला आणि रुमालाला पुसला.

"माझी नाही," ते म्हणाले. "सोमवारी मला कचेरी आहे."

"मग कुणाची?"

"माझी," कुसुमताई म्हणाल्या. "सगळी."

"फ्रेमसुद्धा?"

"फ्रेमसुद्धा."

फौजदारानं तिघांना विचारलं, "तुमची काही हरकत?" तिघांनीही नाही म्हणून माना हलवल्या. मी बघत होतो. त्या घरात ही मुलगी वाढली, पण 'माझी' हा शब्द तिनं कुठल्या वस्तूला लावलेला मी ऐकला नव्हता, आणि तिनंही बहुतेक ऐकला नसावा. शब्द तोंडातून गेल्यावर ती थोडी घाबरल्यासारखी दिसली. मग उठली, काष्टा नीट केला आणि सायकल धरून गाडीकडे गेली. सायकल गाडीत मावेना, म्हणून एक हवालदार ती ढकलत मागून चौकीवर आला. मी साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर. वाटेत त्यानं मला विचारलं की एवढी हलकी कशी चालते, आणि मी त्याला बाह्या फाकवण्याचं सगळं सांगितलं. त्याला कळलं नसावं, पण मला सांगून बरं वाटलं.

नोकरीचं आधी सांगून टाकतो. सोमवारी मेट्रनबाईंनी कुसुमताईंना विचारलं, सायकल तुमचीच कशावरून? त्या म्हणाल्या, पोलिसांना विचारा. बाईंनी खरंच चौकीत फोन करून विचारलं. पलीकडून काय सांगितलं ते माहीत नाही, पण बाई फोन ठेवून म्हणाल्या, "तुझ्याकडून सायकल कुणी काढून घेईल असं वाटत नाही," आणि दुपारपासून कामाला लावलं. लालबाग-परळातली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, त्यांत घाडीचा नातूही.

पण मला आठवते ती शनिवारची संध्याकाळ. फौजदारानं कुसुमताईंना थोडं रागावून, चहा पाजून सोडून दिलं. चौकीच्या पायऱ्यांशी तिघे भाऊ उभे होते. दादा म्हणाले, "चल घरी." आवाज फार खाली होता. त्यांनी हवालदाराच्या हातून सायकल घेतली. तिघे पुढं निघाले, गिरगावच्या दिशेनं, दादा रिकाम्या हातांनी मधे, नानांच्या दोन्ही काखांत चाकं, बापूंच्या गळ्यात चेन. रस्ताभर पसरून चालले होते, कारण मान खाली घालून चालणाऱ्याला रस्त्याची रुंदी कळत नाही.

कुसुमताईंनी टांग टाकली. मी मागून बघत होतो, सायकल ओढते का एका अंगाला. नाही, सरळ गेली. भावांच्या जवळ पोहोचल्यावर त्यांनी वेग कमी केला नाही. घंटी वाजवली. तिघेही बाजूला झाले.